डबल मार्करमध्ये (गरोदरपणातली रक्ततपासणी) डाऊन सिंड्रोमसाठी (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारी जन्मजात स्थिती) १:१२० ‘हाय रिस्क’ आलंय, १३वा आठवडा चालू आहे. पुढे कोणती तपासणी करावी?

ताई, १:१२० म्हणजे असा रिपोर्ट आलेल्या १२० गरोदरपणांपैकी साधारण एकात बाळाला डाऊन सिंड्रोम असतो, ११९ मध्ये नसतो. हे निदान नाही, फक्त अंदाज आहे. त्यामुळे एवढ्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी.

एनआयपीटी ही आईच्या रक्ताची तपासणी. डाऊनसाठी ती फार चांगली, पण तीही स्क्रीनिंगच (म्हणजे धोक्याचा अंदाज), कारण त्यात बाळाचा म्हणून तपासला जाणारा डीएनए खरं तर वारेतून आलेला असतो. ती पॉझिटिव्ह आली तरी खात्री करावीच लागते. सोनोग्राफीत मानेमागची जाडी (एनटी) वाढलेली किंवा काही व्यंग दिसलं असेल, तर मी एनआयपीटीत वेळ घालवू नका असंच सांगेन.

खात्रीसाठी आत्ता सीव्हीएस (वारेचा नमुना) किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासणी. गर्भपाताचा धोका अनुभवी हातात एक टक्क्याहून कमी. फिश किंवा क्यूएफ-पीसीआर (ठरावीक गुणसूत्रांच्या झटपट तपासण्या) यांचा रिपोर्ट दोन-चार दिवसांत येतो, कॅरिओटाइपला (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) दोन-तीन आठवडे लागतात. मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांतले बारीक बदल शोधणारी तपासणी) हवी का, हे नमुना देण्याआधीच जेनेटिक काउन्सेलरला विचारा, आणि भेटीला दोघंही जा.