उन्हापासून त्वचेचे रक्षण : झाडपाल्यावर किती विसंबावे?

प्रश्न : माझे वय अठ्ठावन्न असून मी कोथरूडला राहते. माझा थोरला भाऊ अनेक वर्षांपासून ब्रिस्बेनला आहे. त्याच्या कपाळावर आणि कानांच्या पाळ्यांवर उन्हाने आलेले खरखरीत चट्टे तिथल्या डॉक्टरांनी ‘कर्करोगाच्या आधीची अवस्था’ म्हणून गोठवून काढले. तिकडे पूर्वी लोक एका तणाचा चीक अशा चट्ट्यांवर लावत, असे तो सांगतो. मी रोज रात्री हळद, चंदन आणि कोरफडीचा लेप लावते आणि बाहेर पडताना खोबरेल तेल चोळते. गाजराच्या बियांचे तेल सनस्क्रीनच्या तोडीचे असते, असेही वाचले. अशा उपचारांनी त्वचेच्या कर्करोगाचा धोका खरोखर कमी होतो का?

उत्तर : आपल्या बंधूंनी सांगितलेली गोष्ट खरी आहे; मात्र तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ते तण म्हणजे युफोर्बिया पेप्लस, आपल्याकडच्या शेर आणि तिधारी निवडुंगाचे भाईबंद. त्याच्या पांढऱ्या चिकातील इंजेनॉल मेब्युटेट हे द्रव्य वेगळे काढून त्याचे जेल तयार करण्यात आले आणि ॲक्टिनिक केराटोसिसवर, म्हणजे बंधूंना झाले होते तशा चट्ट्यांवर, २०१२ साली अमेरिकेत आणि युरोपात त्याला मान्यता मिळाली. जेल दोन किंवा तीन दिवस लावायचे, जागा लाल होऊन सोलवटायची, खपली धरायची आणि खाली नवी कातडी यायची. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही खूश होते. परंतु रुग्णांवर तीन वर्षे लक्ष ठेवणाऱ्या एका चाचणीत हे जेल लावलेल्यांपैकी ३.३ टक्के जणांना त्वचेचा कर्करोग झाल्याचे आढळले, तर तुलनेसाठी दुसरे मलम दिलेल्या गटात हे प्रमाण ०.४ टक्के होते. जानेवारी २०२० मध्ये युरोपीय औषध संस्थेने त्याचा वापर थांबवण्यास सांगितले आणि पुढे ते बाजारातूनच गेले. शुद्ध केलेल्या, मात्रा ठरलेल्या औषधाची ही गत झाली, हे लक्षात घेता तीळ किंवा चामखिळीवर शेराचा अथवा रुईचा चीक लावण्याची आपल्याकडची सवय सोडलेली बरी. त्यातला एखादा थेंब डोळ्यात गेला तर होणारी इजा निराळीच.

‘वनस्पतिजन्य’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. उंदरांच्या पाठीवर कर्करोगाच्या गाठी लवकर वाढाव्यात म्हणून संशोधक वर्षानुवर्षे जे द्रव्य वापरत आले, ते जमालगोट्याच्या तेलातून मिळते. आणि तशाच उंदरांवर हिरव्या चहाचा अर्क किंवा हळदीतील कर्क्युमिन लावले असता गाठी कमी झाल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. वृत्तपत्रांत येणाऱ्या ‘हळदीने कर्करोग टळतो’ अशा मथळ्यांचे मूळ बहुधा अशाच प्रयोगांत असते. परंतु तिथे वापरलेला अर्क तीव्र आणि मोजून दिलेला असतो, तर आपण वाटीत कालवलेल्या लेपातील कर्क्युमिन थोडे असते, कातडीत फारसे शिरत नाही आणि उजेडात लवकर विघटित होते. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवले, याचा अभिमान पुणेकरांना असणे स्वाभाविक आहे. पण त्या लढ्याने सिद्ध झाले ते इतकेच, की जखमेवर हळद लावणे हे आपले जुने ज्ञान आहे; उन्हाच्या कर्करोगाचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

मूळ कारण पाहिले तर लेपाची मर्यादा आपोआप स्पष्ट होते. उन्हातील अतिनील किरण पेशींतील डीएनएच्या शेजारशेजारच्या घटकांना चुकीच्या जागी जोडून टाकतात. पेशी हे बिघाड दुरुस्त करत असतात, पण वर्षानुवर्षे रोज नवे बिघाड होत राहिले तर काही तसेच राहून जातात आणि पुढे त्यांतूनच कर्करोगाची सुरुवात होऊ शकते. हा बिघाड दुपारी उन्हात उभे असतानाच होतो. रात्री लावून धुऊन टाकलेला लेप तो अडवत नाही आणि झालेला बिघाड त्याने दुरुस्त होतो असे माणसांवरील अभ्यासांत दिसलेले नाही. कोरफडीच्या गराने भाजलेल्या कातडीची आग शमते, ते सुख खरे आहे. पण आग थांबली म्हणजे आतले नुकसान भरून निघाले असे होत नाही.

गाजराबद्दल तर चांगला पुरावा उपलब्ध आहे, आणि तो आपल्या बंधूंच्याच प्रांतातला आहे. क्वीन्सलंडमधील नॅम्बर या गावी १९९२ पासून साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत १६२१ प्रौढांचे गट पाडण्यात आले होते. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, काहींना बीटा कॅरोटीनच्या, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या, ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा, कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. गोळ्यांचा काहीही उपयोग झाला नाही. बियांच्या तेलाच्या दाव्यामागे माणसांच्या त्वचेवर केलेली अशी कोणतीही चाचणी नाही. खोबरेल तेलाचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा, प्रयोगशाळेत उपकरणाने मोजला असता सात-आठच्या आसपास भरला, तोही घाम आणि घर्षण नसताना. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हासाठी हे संरक्षण पुरेसे नाही.

तोंडाने घ्यायच्या गोळ्यांत मध्य अमेरिकेतील एका नेच्याच्या अर्काचे नाव हल्ली ऐकू येते. त्याने उन्हाची लाली थोडी कमी झाल्याचे लहान अभ्यासांत दिसले. कर्करोग टळल्याचे नाही.

आता थोडा दिलासा. बंधूंच्या शेजारपाजारची गोरी मंडळी आणि आपण यांच्या धोक्यात मोठे अंतर आहे, कारण आपल्या त्वचेतील मेलॅनिन स्वतःच बरेच किरण शोषून घेते. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी आढळतो आणि जो आढळतो त्यातील काही भागाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो : भाजल्याच्या जुन्या व्रणात, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेत, तळपायावर. धोतर कमरेला घट्ट बांधण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्येच केली होती आणि साडीच्या परकराच्या नाडीखालीही तो पुढे आढळला आहे. म्हणून चेहऱ्याइतकेच लक्ष कमरेच्या काळवंडलेल्या, सोलवटलेल्या पट्ट्याकडे आणि तळपायाच्या नव्या काळ्या डागाकडे द्यावे. महिनाभरात न भरणारी, वारंवार खपली धरून रक्त येणारी जखम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. तिच्यावर लेप लावून वाट पाहू नये. लेपाची आवड असेल तर तो अवश्य लावा, फक्त त्याला संरक्षण समजू नका.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. हातांवर कोडाचे डाग आहेत. एका परिचितांच्या सांगण्यावरून काष्ठौषधींच्या दुकानातून बावचीचे तेल आणले आहे. ते लावून पर्वतीवर सकाळी ऊन घ्यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. हे सुरक्षित आहे काय?

उत्तर : बावचीत सोरॅलेन जातीची द्रव्ये असतात आणि ती त्वचेला अतिनील किरणांबाबत अतिशय संवेदनशील करतात. कोडावरील जुन्या उपचाराचा आधार तोच आहे आणि आधुनिक वैद्यकातील ‘पुवा’ उपचारही त्याच तत्त्वावर उभा आहे. मात्र तिथे औषधाची मात्रा आणि किरणांची वेळ मोजलेली असते, आणि तरीही सोरियासिससाठी हा उपचार दीर्घकाळ घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत स्क्वॅमस पेशींचा कर्करोग वाढल्याचे अमेरिकेतील प्रदीर्घ पाहणीत आढळले. या जातीतील मेथॉक्सॅलेन आणि अतिनील-ए किरण यांच्या एकत्रित वापराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, ठेवले आहे. सावळ्या त्वचेत हा धोका बराच कमी मानला जातो. तरीही घरच्या बाटलीत सोरॅलेन किती, हे बाटलीवर लिहिलेले नसते आणि आठ वाजताचे ऊन दहा वाजता किती कडक होते, याचा अंदाज पर्वतीच्या पायऱ्या उतरताना येत नाही. पाण्याने भरलेले फोड घेऊन येणारे रुग्ण आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो. तेल थांबवावे, तज्ज्ञांना डाग दाखवावेत आणि उपचार त्यांच्या देखरेखीखाली घ्यावेत. तोवर डागांवर सनस्क्रीन किंवा पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. उन्हात लिंबू पिळणाऱ्यांच्या हातांवर उठणारे काळपट ओघळही अशाच द्रव्यांमुळे येतात.

प्रश्न : माझी मुलगी दुचाकीवरून हिंजवडीला जाते. ती स्कार्फ आणि सनकोट वापरते, तरी सनस्क्रीन हवे का? हर्बल चालेल का?

उत्तर : दाट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ उत्तम संरक्षण देतो, त्यामुळे त्याखाली सनस्क्रीन नसले तरी बिघडत नाही. उजेडासमोर धरून पाहावा. पलीकडची खिडकी स्पष्ट दिसत असेल तर तो बदलावा. कपाळ, हातांचे पंजे आणि सँडलमधील पावले उघडी राहतात, तिथे सनस्क्रीन लागेल. डब्यावर ‘हर्बल’ लिहिले आहे की नाही हे गौण आहे. एसपीएफ किमान ३० आणि ‘पीए’ या अतिनील-ए किरणांपासूनच्या संरक्षणाच्या खुणेपुढे तीन अधिक चिन्हे (+++) असावीत. अनेक ‘हर्बल’ सनस्क्रीनमध्येही किरण अडवण्याचे काम झिंक ऑक्साइड करते, आणि ते खनिज आहे. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे सनस्क्रीन घ्यावे, दुपारी बाहेर पडणार असेल तर पुन्हा लावावे. मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. जुलैत पातळ ढग असले तरी बरेच अतिनील किरण त्यांतून खाली येतात, म्हणून पावसाळ्यात सनकोट कपाटात ठेवून देऊ नये.