बाक्स्तचा 'निळा देव' म्हणजे कृष्ण का?

तुम्ही विचारलंत की लिऑन बाक्स्त या रशियन चित्रकार आणि रंगमंच-डिझायनरच्या १९११च्या चित्राची प्रिंट मिळालीये, त्यातला निळ्या अंगाचा नर्तक कृष्णच ना, मग मोरपीस कुठंय आणि हात असे का धरलेत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही कृष्णच वाटला होता, आपल्याला निळं अंग दिसलं की दुसरं कोण आठवणार.

हे 'ल दिय ब्ल' म्हणजे 'निळा देव' या बॅलेच्या पोशाखाचं चित्र. दिआगिलेव या रशियन निर्मात्याच्या बॅले मंडळींनी तो १३ मे १९१२ला पॅरिसच्या शातले थिएटरात केला, नाच फोकिननं बसवलेला, संगीत रेनाल्दो आनचं, कथेत फ्रेंच लेखक झाँ कॉक्तोचा हात आणि निळा देव झाला होता त्या मंडळींचा गाजलेला नर्तक निजिन्स्की. गोष्ट काल्पनिक हिंदुस्थानातली, पुजारी व्हायला निघालेल्या तरुणाला त्याची प्रेयसी अडवते, तिला शिक्षा म्हणून राक्षसांच्या तावडीत देतात, ती धावा करते तेव्हा कमळातून देवी येते आणि सोबत हा निळा देव, तो बासरी वाजवून राक्षसांना शांत करतो. तेव्हा रंग आणि बासरी कृष्णाची, तिथपर्यंत तुमचं बरोबरच आहे.

पण मुकुट नीट बघा. उंच, वर निमुळता होत गेलेला, हा सरळ सयामच्या म्हणजे आजच्या थायलंडच्या दरबारी नर्तकांकडून आलाय. १९००मध्ये सयामी नर्तक सेंट पीटर्सबर्गला नाचून गेले होते आणि बाक्स्तनं १९०१मध्ये त्यांच्या नाचाचं मोठं चित्रही केलं, ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. कोपरात मोडलेले हात, ताणलेली बोटं, सगळं तिथलं. त्याला देवाची मूर्ती काढायची नव्हतीच, नाचताना अंग कसं वळणार ते दाखवायचं होतं.

आणि माझं अगदी कळकळीचं सांगणं, असं चित्र शिवणाऱ्याच्या नजरेनं बघा. कमरेखालचा घेर बघा, तो पायावर लोंबत नाही, अंगापासून सुटून बाहेर उभा राहतो. नुसतं मऊ रेशीम असं राहीलच कसं, म्हणजे कापडाला ताठपणा हवा, हे शिवणाऱ्याला न लिहिता सांगितलंय. शिवाय घेर गुडघ्याच्या वर, कारण निजिन्स्कीचे पाय दिसलेच पाहिजेत. नक्षीही बारीक कशिद्यासारखी नाही, ठळक आहे, शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायला हवी ना. खरा पोशाख कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याचे फोटो प्रिंटशेजारी ठेवून बघा, कागदावरचं कापडात काय झालं ते लगेच कळतं.

बॅले मात्र फारसा चालला नाही, थोडे प्रयोग झाले आणि बंद पडला. बाक्स्तची चित्रं तेव्हाच्या कार्यक्रम-पुस्तिकांतही छापली जायची आणि गाजलेली डिझाइन्स तो मागणीनुसार पुन्हा काढूनही द्यायचा, त्यामुळे तुमचं चित्र हातानं काढलेलं की छापील हे ठरवताना कोपऱ्यातल्या सहीवर जाऊ नका. चांगलं भिंग घ्या आणि निळ्या रंगावर धरा, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाईच.