समीक्षकांचं एकमेकांशीच पटत नाही, मग त्यांच्या चर्चा ऐकून काय मिळतं?

तुमचा प्रश्न असा, की एकाच सिनेमावर दोन जाणकार अगदी उलट बोलत असतील तर तासभराची ती चर्चा ऐकायची कशाला, सरळ टक्के बघून ठरवलेलं काय वाईट? आणि ऐकायचीच तर सिनेमा बघण्याआधी की नंतर? मला असल्या चर्चांचं व्यसन आहे, तेव्हा उत्तर थोडं पक्षपाती समजा. त्यांचं पटत नसेल तेव्हा तर ऐकाच. सगळे एकसुरात मान डोलावत असले तर खुशाल सोडून द्या.

आधी टक्क्यांचं. रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरचा आकडा म्हणजे सिनेमाला मिळालेले गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, तेवढंच तो सांगतो. दहाच्या दहा जण ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हणाले तरी शंभर टक्के. सहा जण वेडे झाले आणि चौघे चिडून बाहेर पडले तर साठ. यातला साठवाला मी आधी बघेन, पण नुसत्या आकड्यावरून हे कळणार कसं?

ते भांडणातून कळतं. शिकागोतल्या दोन प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांचे समीक्षक, जीन सिस्कल आणि रॉजर ईबर्ट, १९७५ पासून टीव्हीवर शेजारी बसून भांडायचे. पुढे गाजला तो त्यांचा वर-खाली होणारा अंगठा (आवडला तर वर, नाही तर खाली), जो मला विचाराल तर त्या कार्यक्रमातला सगळ्यात निरुपयोगी भाग होता. खरी मजा त्याआधीच्या खडाजंगीत असायची.

माझं आवडतं भांडण मात्र त्याहून जुनं, १९६७ सालचं, ‘बॉनी अँड क्लाइड’ या सिनेमावरचं. दरोडे घालत फिरणाऱ्या जोडीची ती गोष्ट, आणि तीत विनोद आणि रक्तपात एकमेकांना खेटून येतात. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक बॉस्ली क्राउदर भडकले. खुन्यांच्या गोष्टीत हा कसला थिल्लरपणा, असा त्यांचा सूर. एकदा लिहून भागलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं. समीक्षक पॉलिन केल यांनी न्यूयॉर्कर साप्ताहिकात लांबलचक लेख लिहून सिनेमाची बाजू घेतली. हसणाऱ्या प्रेक्षकाचं हसू मध्येच थिजतं, यातच त्यांना सिनेमाचं बळ दिसलं. न्यूजवीकच्या जो मॉर्गनस्टर्न यांनी तर आधी सिनेमा झोडपला, मग पुन्हा पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात छापून मत बदललं!

आता बघा, क्राउदर आणि केल यांनी टिपलेली गोष्ट एकच आहे. हसू आणि गोळी शेजारी-शेजारी. एकाला ते बेजबाबदार वाटतं, दुसरीला प्रामाणिक. दोघांचं वाचलं की सिनेमा कसा आहे तेही समजतं आणि आपण कुणाच्या बाजूला झुकतो तेही. म्हणून चर्चा ऐकताना निकालाकडे फार लक्ष देऊ नका, तो कशावरून दिला ते ऐका. ‘अभिनय दमदार, छायाचित्रण नेत्रसुखद, उत्तरार्ध रेंगाळतो’ हे कुठल्याही सिनेमाला चिकटवता येतं. पंधरा मिनिटांत एकाही प्रसंगाचा नेमका उल्लेख आला नाही तर मी बंद करतो.

संगीताचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. पॉपगायिका बियॉन्सेनं डिसेंबर २०१३मध्ये कसलीही पूर्वसूचना न देता अख्खा अल्बम आणला, तेव्हा समीक्षक आणि चाहते एकाच वेळी ऐकायला बसले. अशा घाईतल्या परीक्षणांना मी फार किंमत देत नाही. गाणं चार दिवस कानात राहिल्याशिवाय उलगडत नाही. दुसरी मेख म्हणजे मनातली उतरंड. संगीतसमीक्षक केलेफा साने यांनी २००४ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये या उतरंडीवर नेमकं बोट ठेवलं होतं. गिटार घेऊन स्वतःची गाणी लिहिणारा तो अस्सल, आणि निर्मात्यांच्या चमूनं घडवलेलं पॉप म्हणजे खोटं, असं ठरवूनच अनेक समीक्षक ऐकायला बसतात, असा त्यांचा आक्षेप. तेव्हा पॉपवर कुणी नाक मुरडलं तर नापसंती गाण्याची आहे की गाणं बनवण्याच्या पद्धतीची, एवढं तपासून घ्या. अलीकडे याचं उलटही दिसतं. लोकप्रिय आहे म्हणजे त्यात काहीतरी थोर असणारच, असं धरून केलेली गोड-गोड चर्चा. तीही तितकीच निरुपयोगी.

चित्रकलेत तारेबिरे फारसे कुणी देत नाही, ते बरंच आहे. तिथे बोलणं लिलावाच्या किमतीकडे घसरलं की समजावं, चित्राबद्दल सांगण्यासारखं संपलं.

आता आधी की नंतर? सिनेमाची चर्चा नंतर. कथानक फुटतं म्हणून नव्हे, तर दुसऱ्याचं मत डोक्यात घेऊन बसलं की आपण पडद्यावर त्याचेच पुरावे शोधत राहतो. अल्बम आधी दोनदा स्वतः ऐका, मग चर्चा, मग पुन्हा अल्बम. प्रदर्शनाचं मात्र आधी ऐकलेलं चालतं. समकालीन कलेत काय बघायचं हेच पुष्कळदा समजत नाही, आणि एकदा दालनातून बाहेर पडलं की पुन्हा जाणं होतंच असं नाही.