‘रन’ या इंग्रजी शब्दाला इतके अर्थ कसे, आणि ते लक्षात कसे ठेवावेत?

शाळेत ‘रन’ म्हणजे धावणे एवढेच शिकवले जाते, पण शब्दकोश उघडला की त्याच शब्दाखाली अर्थांची पानेच्या पाने दिसतात. हे सगळे आले कुठून आणि पाठ कसे करायचे, असा आपला प्रश्न आहे. त्याच्या उत्तरार्धाचे उत्तर आधी देतो: ते पाठ करू नयेत. पाठांतराने हा शब्द आजवर कोणाला आला असेल, असे मला वाटत नाही.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या, २० खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने सिद्ध करण्यात आली. पीटर गिलिव्हर हे कोशकार त्यासाठी सुमारे नऊ महिने खपले, आणि २०११ मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदले गेले होते. आकडा छाती दडपवणारा आहे, हे खरे. मात्र ऐतिहासिक कोशात शतकांपूर्वी वापरातून गेलेले अर्थही जपलेले असतात आणि अर्थछटेतला बारीकसा फरकही स्वतंत्र क्रमांकाखाली जातो, हे ध्यानात घेतले की त्यातली भीती बरीच ओसरते. शिवाय आपल्या ‘लागणे’कडे पाहा. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, पाणी खारट लागते, एखादा गृहस्थ आपला मामा लागतो आणि मूल रडू लागते. हे सारे अर्थ कोणी क्रमांक घालून शिकवले नव्हते, तरी बोलताना आपण कधी अडखळत नाही.

आता हे अर्थ आले कुठून, ते पाहू. जुन्या इंग्रजीत एकमेकांशी नाते असलेली दोन क्रियापदे होती: एक स्वतः धावण्याचे किंवा वाहण्याचे, आणि दुसरे धावायला लावण्याचे. जर्मन भाषेत वाहण्यासाठी ‘रिनेन’ आणि धावण्यासाठी ‘रेनेन’ अशी त्यांची भावंडे आजही वेगवेगळी नांदतात. इंग्रजीत मात्र ती दोन्ही मिसळून एकच ‘रन’ उरले. मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. मराठीत ‘पळणे’ आणि ‘पळवणे’, ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ हा भेद एका ‘व’ने स्पष्ट होतो. इंग्रजीत तसे चिन्ह उरले नसल्यामुळे यंत्र चालते तेही ‘रन’ आणि माणूस यंत्र चालवतो तेही ‘रन’च. म्हणून वाक्यात या शब्दापुढे कर्म आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. कर्म असेल तर बहुतेक वेळा अर्थ ‘चालवणे’च्या जवळपास सापडतो: संस्था चालवणे, संगणकावर प्रोग्राम चालवणे, एखादी चाचणी घेणे, वर्तमानपत्राने बातमी छापणे.

कर्म नसेल तर दोन धागे हाती धरावेत. पहिला वाहण्याचा. नाक वाहते, नळ वाहत राहतो, धुताना कपड्याचा रंग सुटतो, वितळलेले मेण ओघळते. या सगळ्यांना इंग्रजीत ‘रन’ चालतो. ‘रन ड्राय’ म्हणजे आटणे आणि ‘रन शॉर्ट’ म्हणजे कमी पडणे, हे प्रयोगही याच ओघात समजतात. दुसरा धागा अखंड चालू राहण्याचा. घड्याळ चालते, नाटक वर्षभर चालते, बस दर तासाला सुटते, भाडेकराराची मुदत अजून संपलेली नसते, डोंगराची रांग उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरलेली असते. येथे एक गंमत दिसते: इंग्रजी जेथे धावते तेथे मराठी बहुधा चालते. त्यामुळे अर्थ अडला की ‘धावणे’ बाजूला ठेवून ‘चालणे’ आणि ‘वाहणे’ ही दोन क्रियापदे त्या जागी घालून पाहावीत. निम्म्याहून अधिक वेळा काम भागते.

उरते ती अडचण मागून येणाऱ्या लहान शब्दांची, आणि खरी ठेच तेथेच लागते. ‘शी रॅन अप अ हिल’ आणि ‘शी रॅन अप अ बिल’ या दोन वाक्यांत शेवटच्या शब्दाच्या पहिल्या अक्षराखेरीज काहीही बदललेले नाही. तरी पहिल्यात ती टेकडी धावत चढून गेली आणि दुसऱ्यात तिने भलेमोठे देणे करून ठेवले. यातला फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. नामाच्या जागी ‘इट’ घालून पाहावे. टेकडीच्या बाबतीत ‘रॅन अप इट’ असे म्हणावे लागते, कारण तेथे ‘अप’चा संबंध टेकडीशी आहे, बिलाच्या बाबतीत मात्र ‘रॅन इट अप’ असेच म्हणतात, कारण तेथे ‘रन अप’ हे मिळून एकच क्रियापद झालेले आहे. ‘रन डाउन’ची गतही अशीच आहे. रस्त्यावरून धावत जाणे, बॅटरी उतरणे, एखाद्याला गाडीखाली घेणे आणि सहकाऱ्याची निंदा करणे, एवढे सारे त्यात मावते. ‘रन इनटू’ म्हणजे धडकणे, अचानक गाठ पडणे, किंवा खर्च लाखांच्या घरात जाणे. असे जोडशब्द संपूर्ण वाक्यासकट टिपून ठेवावेत. सुटा अर्थ वहीत उतरवून उपयोग होत नाही.

निवडणुकीतला ‘रन’ अमेरिकी वळणाचा आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी धावतो, तर ब्रिटनमध्ये तो परंपरेने ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो.

नाम म्हणून ‘रन’ त्या मानाने सोपा आहे. क्रिकेटमधली धाव सर्वांना ठाऊकच आहे. ‘बँक रन’ म्हणजे बँक बुडणार या धास्तीने ठेवीदारांची पैसे काढण्यासाठी उडालेली झुंबड, ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रतींची संख्या, ‘ड्राय रन’ म्हणजे प्रत्यक्ष कामाआधीची तालीम, आणि ‘ऑन द रन’ म्हणजे फरार. ‘द रन्स’ असे अनेकवचन कानी पडले तर धावांचा हिशेब मांडू नये. बोलीभाषेत त्याचा अर्थ जुलाब असा होतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. वर सांगितलेली ‘चालणे’ची युक्ती इंग्रजीतून मराठीत येताना उपयोगी पडते; उलट दिशेने ती दगा देते. आपले होकारार्थी ‘चालेल’ ‘रन’ने सांगता येत नाही. सायकल चालवण्याला ‘राइड’ आणि मोटार चालवण्याला ‘ड्राइव्ह’ लागते. ‘आय कान्ट अफोर्ड टू रन अ कार’ असे कोणी म्हणाले, तर त्याला गाडी चालवता येत नाही असे समजू नये. गाडी बाळगून तिच्या इंधनाचा, विम्याचा आणि दुरुस्तीचा खर्च त्याला झेपत नाही, एवढेच तो सांगतो आहे.