खेकडा झुरळाचा भाऊबंद, मग कोळी कुठे गेला?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिच्या बायोलॉजीच्या सरांनी सांगितलं की खेकडा, गोम आणि झुरळ एका बाजूला आणि कोळी, विंचू दुसऱ्या बाजूला. मला तर कोळी खेकड्याचाच धाकटा भाऊ वाटतो, मग असं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: सर बरोबर सांगतायत हो. आपण पाय बघतो आणि फसतो, खरी भानगड तोंडाशी आहे. खेकडा, कोळंबी, गोम, पैसा किडा आणि बहुतेक सगळे कीटक यांना जबड्याची एक जोडी असते, आणि ती आपल्यासारखी वर-खाली नाही तर आडवी चालते, अडकित्ता आडवा धरल्यासारखी. बघायचं असेल तर कढीपत्त्यावरची हिरवी अळी शोधा. पानाची कड पायांत धरून ती डोकं वरून खाली आणत कुरतडत जाते, की परत वर, परत खाली, आणि बघता बघता पानाला अर्धगोल खाच पडते.

कोळी-विंचवाला हे जबडेच नाहीत! त्यांच्या तोंडापुढे वेगळेच अवयव असतात, कोळ्याचे विषदंत त्यातलेच. भक्ष्य धरायचं, त्यावर पाचकरस सोडायचा आणि पातळ झालेलं ओढून घ्यायचं. गोचीडसुद्धा याच गोतावळ्यातली.

आणि खेकड्याच्या नांग्या म्हणजे जबडे नव्हेत हां, ते पाय आहेत. पुढच्या वेळी कालवणासाठी खेकडे साफ कराल तेव्हा तोंडावरच्या झडपा बाजूला करा, आत टणक जबडे दिसतील. त्याहून गंमत म्हणजे त्याच्या पोटातही दात असतात, गिळलेला घास तिथे परत दळला जातो, आहे की नाही!

गोमेचं अजून वेगळं. तिला जबडे आहेत पण आपल्याला चावते ती त्यांनी नाही, डोक्याखाली वळलेली पायांची पहिली जोडी असते ना, ती रुतवते आणि विष तिथूनच येतं.

आता तुम्ही म्हणाल डास कुठे काय चावून खातो, तरी तो कीटकच ना? तर डासाच्या मादीचे जबडे गेलेले नाहीत, ते लांब आणि बारीक होऊन सुया झालेत, आणि आपली कातडी कापायला बाकीच्या सुयांबरोबर त्याही लागतात.