हिंदी कथाकार फणीश्वरनाथ रेणू यांची खेड्यातली माणसे खरी आहेत, की शहरी वाचकासाठी गोड केलेली? सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

खरी आहेत. 'गोड केलेली' हा आक्षेप मी महाविद्यालयात असल्यापासून ऐकत आलो आहे आणि तो घेणाऱ्यांनी कारागिराच्या घरात कधी पाऊल ठेवले नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्हाला रेणूंची 'ठेस' ही कथा अभ्यासाला होती. तिच्यातला सिरचन शीतलपाट्या (गारवा देणाऱ्या चटया) आणि चिकाचे, म्हणजे बांबूच्या काड्यांचे, पडदे विणणारा कारागीर. गावाच्या लेखी मात्र कामचुकार आणि जिभेचा चटोर. निवेदकाच्या बहिणीला सासरी न्यायच्या वस्तू विणत असताना घरातली काकू पान-जर्द्यावरून त्याचा पाणउतारा करते आणि तो काम टाकून निघून जातो. मनधरणीलाही बधत नाही. मुलगी सासरी निघते तेव्हा मात्र तो स्टेशनवर धावत येऊन सगळ्या वस्तू तिच्या हवाली करतो आणि ती पैसे देऊ लागताच हात जोडतो. आमच्या प्राध्यापकांच्या मते हा शेवट भाबडा होता. अपमान गिळून फुकट राबणारा गरीब वरच्यांना आवडतो, म्हणून लेखकाने तो तसा रंगवला.

माझे वडील बुरूड होते. एका लग्नघरची सुपे, रोवळ्या आणि झालीची टोपली त्यांच्याकडे होती. टोपलीचा काठ बांधायचा राहिला असताना त्या घरच्या थोरल्या बाईंनी चारचौघांत "बांबूच्या चार कामट्यांचे एवढे पैसे?" असे सुनावले. वडिलांनी कोयता पिशवीत घातला आणि ते घरी आले. रात्री ओट्यावर बसून त्यांनी काठ पुरा केला, कामटीचे टोक कोणाच्या हाताला लागू नये म्हणून ते आत वळवले आणि सकाळी टोपली माझ्या हाती पाठवून पैसे आणू नकोस म्हणून बजावले. घरात चणचण होती, आई संतापली. वडील एवढेच म्हणाले, "पैसं घेतलं असतं, तर त्यांचं बोलणंबी घेतल्यागत झालं असतं."

रेणूंना गोडवाच घालायचा असता, तर 1954 च्या 'मैला आँचल'मध्ये त्यांनी गांधीवादी बावनदासला स्वातंत्र्यानंतर चोरट्या मालाच्या गाड्यांखाली चिरडले जाताना दाखवले नसते. बिहारमधल्या पूर्णिया जिल्ह्यातल्या मेरीगंज गावाची जातवार टोल्यांत (वस्त्यांत) झालेली फाटाफूट आणि मलेरिया-काळाआजाराने पोखरलेली माणसेही दाखवली नसती.

तरीही सुरुवात या कादंबरीने करू नये. पात्रे असंख्य आहेत आणि तिथली बोली अडते. 1959 चा 'ठुमरी' हा कथासंग्रह घ्यावा. 'ठेस', 'पंचलाइट' आणि 'तीसरी कसम' त्यातच आहेत.

एक गोष्ट मान्य करायला हवी. रेणू शेतकरी कुटुंबातले होते आणि 'ठेस' काम सांगणाऱ्या घरातला मुलगा सांगतो. रुसून गेलेल्या सिरचनने त्या वस्तू कधी आणि कोणत्या मनःस्थितीत पुऱ्या केल्या, हे कथेत येत नाही. ती उणीव मलाही जाणवते. पण तेवढ्यावरून स्टेशनवरचे ते हात जोडणे लाचारीचे ठरत नाही, हे मी त्या प्राध्यापकांना वर्गात उभे राहून सांगितले होते आणि आजही सांगेन.