लाल भिंत आणि अप्पांची नखं

"मॅडम, मला गडद लाल रंग आवडतो म्हणजे माझ्या आत राग साठलाय का?"

हसू नका, मी समुपदेशक आहे, असले प्रश्न मला महिन्यातनं दोन-तीनदा तरी येतातच. कुणाच्या पोरानं चित्रात सगळं काळंच रंगवलं म्हणून आई घाबरलेली असते, कुणाच्या सुनेला पांढरंच नेसायला आवडतं म्हणून सासू काळजीत, आणि हल्ली तर कुठलीतरी रील बघायची, त्यात म्हणे अमका रंग आवडला की तुमचा स्वभाव तमका, की झाली झोप खराब. या ताईंनी पण तेच केलं होतं. (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

झालं होतं असं की सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात नवीन फ्लॅट घेतला, रंगकाम काढलं, आणि ताईंना हॉलची एक भिंत गडद लाल पाहिजे होती. नवरा म्हणाला, लाल सोडून काहीही कर, डोक्यात जातो तो रंग. पंधरा दिवस घरात त्याच्यावरनं धुसफूस. त्यात गंमत म्हणजे ताईंना स्वतःला पण शेड कार्डातला एकही लाल पसंत पडेना, सगळे "सुकल्यासारखे" दिसतात म्हणे. मी हा शब्द वहीत लिहून ठेवला. लाल रंग सुकलेला कसा दिसेल?

मी विचारलं, हा तुमचा लाल पहिल्यांदा कुठं बघितला होता?

"असं कसं सांगणार मॅडम, लाल काय सगळीकडंच असतो की," म्हणाल्या आणि मग बराच वेळ स्वतःच्या हाताकडंच बघत बसल्या. मग म्हणाल्या, अप्पांच्या नखात.

त्यांचे वडील, म्हणजे अप्पा, सोलापूरच्या पूर्व भागात एका डाईंगमध्ये कामाला होते, चादरीचं सूत रंगवायचं काम. शाळा सुटली की ही डबा घेऊन जायची, तिथं रंगातनं काढलेल्या सुताच्या लडी बांबूवर टांगलेल्या, खाली लाल पाणी ठिबकतंय, रसायनांचा उग्र वास, आणि अप्पा तसल्याच लाल बोटांनी भाकरी मोडून शेंगाचटणी लावून पहिला घास हिला द्यायचे. साबण लावून कितीही घासलं तरी नखाच्या कडेचा रंग कधी निघालाच नाही. आणि हीच मुलगी आठवीत असताना पालकसभेला अप्पांना म्हणाली होती, तुम्ही गेटबाहेरच थांबा. ते थांबले. घरी येऊन त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. अप्पांना जाऊन आता चार वर्षं झाली.

आता सांगा, त्या रंगात राग कुठं होता? माया होती, लाज होती, आणि माफी मागायची राहून गेली होती.

"सुकल्यासारखा"चं कोडं पण तिथंच सुटलं. ओलं सूत सुक्यापेक्षा गडद दिसतं, कारण धाग्यांमधल्या फटीत पाणी भरलं की उजेड कमी विखुरतो. हिच्या डोक्यात बसलेला लाल ओल्या लडीचा होता, तो छापील कार्डावर कुठनं मिळणार!

रील्सवाल्यांवर माझा राग आहे तो याच्यासाठी. रंगाला ठरलेला एकच अर्थ नसतो ओ. पांढरा म्हणजे दुःखाचा रंग असं कुणी सांगितलं तर सोलापूरचा माणूस म्हणेल, मग संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतली (बारा बंदांच्या अंगरख्यातली) माणसं नंदीध्वजांच्या उंच काठ्या घेऊन निघतात ते काय दुःख करायला? अमेरिकेत बर्कले विद्यापीठातल्या स्टीफन पामर आणि कॅरेन श्लॉस यांनी २०१० साली यावर अभ्यास मांडला, साध्या भाषेत सांगायचं तर ज्या रंगाच्या वस्तू आपल्याला आवडतात तो रंग आपल्याला आवडायला लागतो, नकोशा वस्तूंचा रंग नकोसा होतो. पुढं त्यांच्याच टीमनं बर्कले आणि स्टॅनफर्ड या एकमेकांशी खुन्नस असलेल्या दोन विद्यापीठांतल्या पोरांना विचारलं, तर ज्याला त्याला आपल्या कॉलेजचे रंग जास्त प्रिय, आणि कॉलेजचा अभिमान जितका जास्त तितकी ओढ जास्त. सगळं काही यानंच ठरतं असं नाही, पण माझ्या खुर्चीतनं मला हे रोज दिसतं.

काळजी कधी करायची ते पण सांगते. आवडता रंग कुठलाही असू दे, त्यावरनं मी कुणाला आजारी ठरवत नाही. पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर रंगबिंग सोडा आणि सरळ डॉक्टरांकडं जा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना रंग पिवळट, मळकट दिसायला लागले तर मोतीबिंदू पण असू शकतो, डोळे दाखवून घ्या.

तिसऱ्या वेळी मी नवऱ्याला पण बोलावलं. गडी आल्या आल्या म्हणाला, मला काय प्रॉब्लेम नाही, मला फक्त लाल नको. मी तोच प्रश्न विचारला. हा बार्शीकडचा, सहावीत सोलापूरला होस्टेलवर टाकलेला. दर रविवारी संध्याकाळी आई स्टँडवर यायची, लाल डबा लागायचा, हा खिडकीत बसायचा आणि गाडी हलली की आई दिसायची बंद. "त्या एसटीचा रंग बघितला की अजून पोटात खड्डा पडतो मॅडम," हे वाक्य त्यानं बायकोकडं न बघता म्हटलं. अकरा वर्षांच्या संसारात तिला हे माहीतच नव्हतं. त्याला तरी अप्पांच्या गेटबाहेर थांबण्याचं कुठं माहीत होतं.

मी काही सल्ला दिला नाही, खरंच नाही. तोडगा त्यानंच काढला. म्हणाला, मेन डोअरच्या बरोबर समोरची भिंत कर लाल. घरात येताना समोर दिसेल, बाहेर पडताना तिच्याकडं आपली पाठ असेल.

रंग लावायच्या दिवशी दुपारी ताईंचा फोन, आवाज रडवेला, मॅडम फिका झाला ओ, पार गुलाबीच दिसतोय. मागनं पेंटरचा आवाज येत होता, "वहिनी, सुताचं वेगळं आणि भिंतीचं वेगळं, हा सुकला की गडद होतो, उद्या सकाळी बघा आणि मग बोला."

सकाळी नुसता फोटो आला. भिंत लाल, आणि तिच्यावर टेकवलेला नवऱ्याचा हात.